बाबांच्या यादीतल्या फुल्या

...आणि छापून काय यावं? प्रश्नचिन्हं! "प्रिय ????, आमच्या वडिलांच्या निधनानंतर आपण आम्हाला धीर दिलात, आम्ही आपले ऋणी आहोत." एक नाही, दोन नाही, दोनशे अठरा पत्रं, सगळी "प्रिय ????"! आणि तिकडून ताईचा फोन, "गेली का रे पत्रं? महिना होत आला, लोक काय म्हणतील?" अगं, लोक काय म्हणणार, लोकांना आपण कोण तेच कळायचं नाही! हे मनात. तोंडाने म्हटलं, "जातायत." तुम्हाला सांगतो, बाबा गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, राग नाही... दात काढल्यावर गाल असतो ना, तसा अख्खा माणूस बधिर.

म्हटलं त्यात काय एवढं, पत्र एकच टाइप करायचं, बाबांनी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीतली नावं तो मेल मर्ज म्हणतात ना, तो एकेका पत्रात आपोआप भरतो. आपोआप! कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो, तर तो माझ्याकडे न बघताच, "यादी सेव्ह करताना युनिकोड निवडलं नाहीत, साहेब." अहो, मला काय स्वप्न पडणार? निवडलं. नावं आली! पण कशी? "प्रिय ★ दातवाले डॉक्टर." "प्रिय ☎ धाकटी आत्या." "प्रिय ✗ मोठे मामा." बाबांनी नावांपुढे काय काय चिन्हं टाकून ठेवलेली! कॉम्प्युटरवाला म्हणाला, "नावात कचरा आहे, साफ करा." केला. घरी येऊन सगळं परत छापलं, पत्रं कशी गुळगुळीत! तेवढ्यात फोन... "गेली का रे पत्रं?" म्हटलं, आईने एकदा नजर टाकली की जातील.

आईने चष्मा लावला, आणि तिसऱ्याच पत्राला थांबली. "अरे, मोठ्या मामाला पत्र? त्याला जाऊन सात वर्षं झाली!" पुढचं उचललं. "ह्याही गेल्या. हेसुद्धा गेले... अरे, फुली होती ना नावापुढे? फुली म्हणजे गेलेले. नाव खोडवत नाही म्हणायचे, म्हणून नुसती फुली टाकायचे." आणि मी काय केलं? कचरा म्हणून एका बटणात सगळ्यांना जिवंत करून टाकलं! त्यांचे आभारही मानले!

मग काय, परत जुनी यादी, परत कॉम्प्युटरवाला, परत त्याचा तोच चेहरा. फुलीवाले वगळले, बाकीची चिन्हं काढली. उरले एकशे एकाहत्तर. घरी छापत बसलो, नजर टाकत बसलो, एवढ्यात शेवटून चौथं पत्र... "प्रिय स्वतः."

हो! सगळ्यांच्या ओळीत बाबांनी स्वतःलाही घालून ठेवलेलं, नाव "स्वतः," पत्ता आमच्याच घराचा. "प्रिय स्वतः, आमच्या वडिलांच्या निधनानंतर आपण आम्हाला धीर दिलात..." आता करायचं काय, तर यादीत जाऊन एक फुली टाकायची. एक कळ! कळेवर बोट ठेवलं आणि तुम्हाला सांगतो, महिनाभर कुठे दडून बसलं होतं कोण जाणे, असं रडू आलं, असं रडू आलं की आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, प्रिंटर बिघडला.

नाही टाकली फुली. सगळा गठ्ठा तसाच पोस्टात नेऊन दिला.

संध्याकाळी फोन. "गेली का रे पत्रं?"

"गेली."

"सगळी?"

"सगळी. बाबांचंसुद्धा."

ताई नाक ओढत म्हणाली, "पत्ता नीट घातलास ना?"

म्हटलं, घातलाय बाई... आलं की घेईन मीच, दुसरं कोण घेणार!