घडीवर मोजलेले दहा किलोमीटर

...आणि वर मलाच बोलतात, म्हणे हे सगळं तुमच्यामुळं झालं. आता तुम्हीच सांगा, पळतो जावई, दमतो जावई, चुकतो जावई, आणि बोलणी कुणी खायची? सासऱ्यानं. अहो, मी नुसता बाकावर बसून फेऱ्या मोजत होतो!

तुम्हाला सांगतो, आमचे जावईबापू शिंपी. हात असा की त्यांचा कोट अंगात घातला की वाकडा माणूससुद्धा सरळ उभा राहतो. पण मशीनवर बसून बसून पोट सुटलं, डॉक्टर म्हणाला पळा, आणि हा गडी खरंच पळायला लागला की हो. मैदानाला गोल गोल. पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर, तेवढे एकदा पुरे करायचे, बास, झोपेतसुद्धा तेच. आता मोजायला घरातला रिकामा माणूस कोण? मी. मग मला राहवतंय का? अठरावी संपली की मी ओरडायचो, "पंधरा!" बिचारा धापा टाकत म्हणायचा, "मामा, मघाशी सतरा म्हणालात ना?" मी म्हणायचो, "ते कालचे." तीन आठवडे झाले, त्याचे दहा काही भरेनात.

शेवटी वैतागला. म्हणाला, "मामा, तुमची मोजणी नको आणि ते गोल फिरणंही नको. मी आपला सरळ रस्त्यानं पळतो." स्कूटर काढली, मीटर बघत बघत गेला, नदीच्या पुलावर दहा भरले, तिथं चुन्याची रेघ मारली आणि खुशीत शीळ घालत घरी आला.

रविवारी सकाळी साडेसहाला निघाला. फोन नेला नाही, खिशात नाचतो म्हणून. पैसे नेले नाहीत, वाजतात म्हणून. नेली ती फक्त दुकानाची किल्ली, चड्डीच्या नाडीला घट्ट गाठ मारून, कारण नऊला दुकान उघडायचं होतं. आणि पावणेआठला पठ्ठ्यानं रेघ ओलांडली! दोन्ही हात वर, डोळ्यांत पाणी... दहा झाले. आता पुढं काय?

पुढं काय म्हणजे? पुढं पूल. आणि घर मागं, दहा किलोमीटरवर.

आलं का ध्यानात? उभा जन्म या माणसानं कापड घडीवर कापलं. मापायचं निम्मं, उलगडलं की दुप्पट. आणि स्वतःचा रस्ता मापताना तेवढी घडीच विसरला.

पुलावर एक रिटायर झालेला ट्रकड्रायव्हर भेटला, पळणाऱ्यांतलं जुनं खोड. "पहिल्यांदाच दहा? वा वा. आता पुढं काय?" आणि कठड्याला टेकून सुरूच झाला... "आधी चार दिवस पायांना सुट्टी. मग हेच दहा जरा जोरात. मग हळूहळू एकवीस. आणि खरी मजा सांगू? एखादा नवा, ढेरपोट्या माणूस धरायचा आणि त्याला पळायला लावायचं. त्यासारखं सुख नाही." जावई म्हणाला, "दादा, सगळं करतो. पण घरी कसं जायचं?" तो म्हणाला, "आलात तसं."

बस? त्या रस्त्याला दुपारपर्यंत बस नाही. मग त्याच्याच फोनवरून घरी फोन. आमची लेक म्हणाली, "अहो, नऊला शाळेच्या मोठ्या बाई कोट न्यायला येणारेत. साडेदहाला त्यांचा निरोपाचा समारंभ. तीन बटणं लावायची राहिलीयत. किल्ली कुठंय?"

"नाडीला."

"आणि नाडी?"

"माझ्याकडंच."

"आणि तुम्ही?"

"पुलावर."

लेक एवढंच म्हणाली, "या."

त्या एका शब्दानं त्याच्या पायांत पुन्हा जीव आला. थोडा पळाला, थोडा चालला, थोडा नुसताच पुढं पडत राहिला, आणि साडेनऊला दुकानापुढं हजर. बाई घड्याळाकडं बघतायत, लेक माझ्याकडं बघतेय, माझ्याकडं का ते मला माहीत नाही... आणि गाठ सुटेना! घामानं आवळून बसलेली. कात्री कुठंय? दुकानात. मग काय, शाळेच्या मोठ्या बाईंसमोर आमचे जावईबापू दाराला पोट चिकटवून उभे, किल्ली कुलपात, आणि स्वतः सगळे किल्लीबरोबर फिरतायत. मी तोंडात रुमाल कोंबला, तुम्हाला खोटं नाही सांगत.

दार उघडलं. बटणं उभ्यानंच लावली, कारण बसला असता तर उठला नसता. बाईंनी कोट घातला, खांदे बघितले, बाह्या बघितल्या, म्हणाल्या, "छान बसलाय. किती पळालात?"

"दहा."

लेक म्हणाली, "वीस, बाई. जाऊन-येऊन."

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात शिरलं. सुई हातात तशीच, आणि चेहऱ्यावर हसू असं, की बाईसुद्धा हसल्या. वीस! बाई वेळेवर गेल्या, आणि मीच चेष्टेनं म्हणालो, "जावईबापू, वीस झाले. आता पुढं काय?"

म्हणायला नको होतं. त्याला तो ड्रायव्हर आठवला. एखादा नवा, ढेरपोट्या माणूस... आणि त्यानं टेपच घेतली हो, माझ्या पोटाभोवती.

लेक म्हणाली, "न्याच बाबांना."

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, मैदानात मी पळतो आणि बाकावर तो बसतो. काल तिसरी फेरी संपली. तिसरी, बोटांवर मोजलेली. बाकावरून आवाज आला, "शाब्बास मामा, दोन झाल्या."

मी म्हणालो, "अहो, तुम्हीच मघाशी दोन म्हणालात ना?"

"ते कालचे."

आता पुढं काय? पुढं तिसरी. दुसऱ्यांदा.