नसलेल्या माळ्यावरून पडलेले गुरुपादप्पा

अहो, खोटं बोलायचं तर माणसानं धड तरी बोलावं की नाही! आता हे आमच्या उदगीरच्या कमलम्माचे यजमान, गुरुपादप्पा, डाळमिलमध्ये हमाल. भरदुपारी, अख्ख्या मिलसमोर, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवरून घसरले, पाय मोडला, आणि डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले काय? ‘घरी पडलो. माळ्यावरून.’ का? तर मिलचे मालक शरणप्पाशेठ, त्यांच्या मुलीचं, मंजुश्रीचं लग्न तोंडावर, मांडवात चौकशीवाले नकोत! तुम्हाला सांगते, कमलम्मानं कपाळ बडवलं. ‘अवो, काय बोलायलात तुमी! कामावर लागलं तर विमा हाय, पाय अधू ऱ्हायला तर जलमभर पेन्शन हाय! घरी पडल्याला कोन देतंय?’ पण नाही... ‘ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या मांडवात इघ्न आणू?’ बरं, नका आणू! पण खोटं बोलायचं तर धड तरी बोलावं!

लग्न पार पडलं, आणि आले की हो लातूरहून विम्याचे साहेब! ‘काका, कामगार म्हणतो मिलमध्ये पडलो, शेठ म्हणतात घरी, हेच ऐकत आलो आजवर. तुमच्यात उलटंच! शेठ लिहून देतात मिलमध्ये, तुम्ही म्हणता घरी. चला, माळा दाखवा.’

माळा! अहो, दोन खोल्या, वर पत्रे... कुठला माळा? साहेब वर बघतायत, गुरुपादप्पा वर बघतायत, कमलम्माचा जीव टांगणीला... आणि गुरुपादप्पा हळूच म्हणतात, ‘काढला, सायेब.’ ‘कधी?’ ‘पडल्यावर.’ ‘मोडक्या पायानं?’

सांगा बरं, धड बोलावं की नाही! शेवटी कमलम्माच रडत ओरडली, ‘सायेब, ह्या घरात माळा कवाच नव्हता! शेठची अब्रू राखायला गेले हे, अन् शेठनंच खरं कळवलं!’ गुरुपादप्पांची मान खाली. ‘शेठनं... सोताहून? मंग म्या कशाला...’

साहेब हसले, जबाब नव्यानं लिहून घेतला, म्हणाले, ‘होईल मंजूर, काकू, घोर सोडा.’ कमलम्मानं असा श्वास सोडला, तुम्हाला सांगते, पत्रेसुद्धा हलले असतील!

मग चहा झाला, लग्नातला लाडू झाला, साहेब उठले... आणि उंबऱ्याला ठेचकाळून ओसरीवर आडवे! गुरुपादप्पा कुबडी टाकून ओरडले, ‘सायेब, घरी पडलो म्हनू नका बरं डाक्टरला! ड्युटीवर म्हना, ड्युटीवर!’

घ्या! त्या घरात खरोखर पडलं कोण, तर साहेब... आणि तेही कामावर! आता हे खरं सांगायचं, तर ते तरी धड वाटेल का हो कुणाला?