कडेठाणला मिटलेलं पुस्तक

आप्पा : न्हाई म्हंजी न्हाई. तुझ्या पुस्तकाची फीत मी सोडणार न्हाई. त्या सरपंचाला सांग.

अंजना : आप्पा, निमंत्रणपत्रिकेवर तुमचं नाव छापलंय. 'श्री. बन्सी ओव्हाळ, निवृत्त रेल्वे फायरमन, दौंड, यांच्या शुभहस्ते प्रकाशन.'

आप्पा : शुभ-अशुभ मी मानत न्हाई. तेबी चुकलंय.

अंजना : तो शब्द छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेला असतो. लग्नपत्रिकेतला उरलेला.

हेडमास्तर : येऊ का आत? पाहुण्यांचा चहा झाला असेल तर निघू या. स्वागतगीत दोनदा झालं. मुली तिसऱ्यांदा म्हणायला तयार नाहीत.

अंजना : सर, पाच मिनिटं.

हेडमास्तर : अंजनाबाई, मघाशीही पाचच होती. आणि पुढच्या रांगेत एक आजीबाई मुलांना भुईमुगाच्या शेंगा वाटताहेत. टरफलं सगळी स्टेजपाशी.

आप्पा : ती माझी आई हाय.

हेडमास्तर : असं होय! मग वाटू द्या. तोवर सरपंचांना बोलायला उभं करतो. पाहुणे, तुमचं काम सोपं आहे. पुस्तक लाल कागदात बांधलंय. फीत ओढली की कागद गळून पडतो, मी सकाळी ओढून पाहिलंय. आधी सभेला हात जोडायचे, फोटोवाला यवतहून आलाय. मग ओढायची. येतो.

अंजना : गेले. आता सांगा, काय बिघडलं? परवा दौंडला येऊन पहिली प्रत तुमच्या हातात दिली, तेव्हा सगळ्या चाळीला दाखवत होता.

आप्पा : तवा वाचली नव्हती.

अंजना : आणि आता?

आप्पा : काल धरली. आज पॅसेंजरमधी पुढं वाचली. कडेठाण टेशनाला मिटली. आता उघडणार न्हाई.

अंजना : त्यात राणीचे पाय उलटे आहेत म्हणून?

आप्पा : तेबी हायेच! आपण धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, भुतंखेतं सोडली. तुला पुण्याला ठेवून बी.एस्सी. केली. कशाला? तर विहिरीखाली हडळ बसवायला?

अंजना : हडळ नाही ती. काळोखाची राणी. कल्पना आहे.

आप्पा : मग कल्पनेचे पाय उलटे कशाला?

अंजना : चिखलात ठसे उलटे उमटतात, पाठलाग करणारी पोरं चुकतात. सोयीचं पडतं. आणि पहिल्या पानावर मी स्पष्ट छापलंय, 'यातलं सगळं खोटं आहे.'

आप्पा : ते वाचलं. झ्याक वाटलं. पर पुढं साठ पानं खरं वाटाया लागलं, त्याचं काय?

अंजना : आप्पा, याला आम्ही कौतुक म्हणतो.

आप्पा : मी तक्रार सांगतोय! त्या राणीनं गावाचा समदा उजेड चोरला, कोंबड्यांना सकाळ कळंना, तिथं मला रातभर झोप न्हाई. तुझी ती तारू, तेरा वर्षांची पोर, कंबरेला दोर बांधून विहिरीत उतरती. मी म्हणलं, शाब्बास! आपली हाय! आन् एकसष्टाव्या पानावर काय करती?

अंजना : काय करते?

आप्पा : राणीपुढं हात जोडती. म्हणती, 'आई, मला जाऊ द्या.' समद्या डब्यादेखत पुस्तक मिटलं मी. शेजारी एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या घिऊन बसली हुती, ती म्हणली, कुणी वारलं का?

अंजना : म्हणजे भुताचा राग नाही. हात जोडल्याचा राग.

आप्पा : भूत असंल तर असू दे. हात का जोडले? मी बुद्धापुढं जोडतो, बाबासाहेबांपुढं जोडतो. तिसरा कुणी न्हाई. साहेबापुढंबी न्हाई जोडले कवा, म्हणून फायरमनचा ड्रायव्हर झालो न्हाई. आन् तू पोरापोरींना शिकवतीस, संकट आलं की हात जोडा?

अंजना : पान उलटा.

आप्पा : न्हाई.

अंजना : बासष्टावं पान वाचा, मग बोला.

आप्पा : तूच सांग की पुढं काय झालं.

अंजना : मुळीच सांगणार नाही. दोन वर्षं लिहिलंय मी ते. वाचायचं.

आप्पा : चष्मा घरी राहिला.

अंजना : नाकावर आहे.

हेडमास्तर : क्षमा करा. सरपंच बोलताहेत, पण ते आता गोबरगॅसवर गेलेत.

अंजना : पुस्तकावर बोलणार होते ना?

हेडमास्तर : पुस्तकापासूनच निघाले होते. विहिरीतला उजेड, मग गावातला उजेड, मग गोबरगॅस. आणि बोलता बोलता त्यांचा हात सारखा आपल्या फितीकडे जातोय. मी दोनदा तबक मागे ओढलं. इथं काही अडचण आहे का?

अंजना : आप्पांना एकसष्टावं पान पटलेलं नाही.

हेडमास्तर : म्हणजे... पाहुण्यांनी पुस्तक वाचलंय?

अंजना : अर्धं.

हेडमास्तर : दिलं कुणी त्यांना? अहो, प्रकाशनाच्या पाहुण्याला पुस्तक आधी देत नसतात! नंतर शाल-श्रीफळाबरोबर देतात, म्हणजे ते घरी जाऊन कपाटात राहतं. माझ्या सगळ्या नोकरीत असा घोटाळा झाला नाही.

आप्पा : न वाचता मी 'चांगलं हाय' म्हणू व्हय?

हेडमास्तर : सगळे तसंच म्हणतात. मी स्वागताच्या भाषणात म्हणून आलो.

अंजना : सर, तुम्हीसुद्धा?

हेडमास्तर : मी... मी जाऊन तबक धरून बसतो.

अंजना : ऐकलंत? बाहेर सगळ्यांना ते आवडलंय, कारण कुणी वाचलं नाही. मी त्या फितीला दुसऱ्या कुणाचा हात लावू देणार नाही. तुम्ही बाहेर येणार नसाल तर पुस्तकं परत खोक्यात भरते. पण आधी एक पान वाचा. मग नाही म्हणा.

आप्पा : एकच पान.

अंजना : मोठ्यानं. माझा तुमच्यावर विश्वास नाही.

आप्पा : 'राणीने तिची झोळी उलटी करून झाडली. परकर झटकायला लावला. केसांत बोटे घालून पाहिले. काही सापडले नाही, तेव्हा राणी हसली आणि म्हणाली, जा. तारू हात जोडूनच मागे मागे दारापर्यंत गेली. हात जोडूनच पायऱ्या चढली...' बघ, अजून जोडलेलेच! वर येईस्तवर पोरीनं...

अंजना : वाचा.

आप्पा : 'विहिरीच्या काठावर आल्यावर तिने हात उघडले. दोन तळव्यांच्या मधोमध उजेडाची बी होती, हरभऱ्याएवढी. आणि तिच्या ओंजळीतून गावावर पहाट झाली.'

अंजना : आप्पा?

आप्पा : गप. पुन्यांदा वाचतोय.

अंजना : वाचा.

आप्पा : हातात हुती व्हय! समदं झाडून घेतलं त्या बयेनं, आन् हात तेवढे न्हाई बघितले.

अंजना : जोडलेले हात उघडून दाखव, असं कुणी म्हणत नाही. ज्याच्यापुढे जोडलेत त्याला ते तसेच बरे दिसतात.

आप्पा : पर चोरीच की ही.

अंजना : चोरी कशी? उजेड त्याच गावाचा होता.

आप्पा : तेबी खरं. लई बेरकी पोर लिहिलीस. कुठनं सुचलं गं तुला?

अंजना : सुचलं नाही. आजीनं सांगितलं.

आप्पा : कुठल्या आजीनं?

अंजना : बाहेर बसलीय ती. तुमची आई. कवठ्याला मालकाच्या खळ्यावर शेंगा तोडायला जायची ना?

आप्पा : जायची. सांजच्याला निघताना समद्या बायांनी मालकापुढं पदर झाडून दाखवायचा, मग हात जोडायचे, मग घरी. मी लहान हुतो, खळ्याच्या बाहेर उभा राहून बघायचो. तवापासनं मला हात जोडल्याली बाई बघवत न्हाई.

अंजना : आणि घरी आल्यावर?

आप्पा : घरी आल्यावर मला शेंगा द्यायची. चार-पाच. म्हणायची, मालकानं दिल्यात बन्सीला.

अंजना : मी करून पाहिलं, आप्पा. तळवे जरा फुगवून जोडले तर पाच मावतात. सहावी बाहेर डोकावते.

आप्पा : पाच. सहा कवाच नव्हत्या.

अंजना : आप्पा, बसा जरा.

आप्पा : मालकानं दिल्याच न्हाईत?

अंजना : त्यानं कधी कुणाला काही दिलं होतं?

आप्पा : अगं, मी त्याच्या बैलांना पाणी पाजायचो! फुकट! म्हणलं, माणूस वंगाळ हाय, पर पोरांसाठी शेंगा देतो. आजवर त्याचं एवढं एकच माफ करत आलो हुतो मी!

अंजना : आजी हसून सांगत होती. म्हणाली, बन्सीला कळू देऊ नको, त्याला रीतभात फार लागते.

आप्पा : आन् तू ते पुस्तकात छापलंस.

अंजना : पहिल्या पानावर लिहिलंय की, यातलं सगळं खोटं आहे.

हेडमास्तर : आता मात्र चलाच! सरपंचांनी एक गाठ सोडली. दुसरी मी अंगठ्यानं दाबून धरली होती, तिथं आता चिटणीसांना बसवून आलोय.

आप्पा : सरपंचाला म्हणावं हात काढ. आलो.

हेडमास्तर : वा! ते हातातलं पुस्तक इथं ठेवा पाहुणे. स्टेजवर दुसरं आहे, लाल कागदातलं.

आप्पा : ते सोडतो. हे माझ्याकडंच राहील. माझं बोट हाय आत, बासष्टाव्या पानावर. भाषण तेवढं थोडक्यात करतो, राणी वर येती का काय ते बघायचं राहिलंय.

हेडमास्तर : जशी इच्छा. फक्त फोटोसाठी सभेला हात जोडायचं विसरू नका.

अंजना : सर, ते राहू द्या. आप्पा हात जोडत नाहीत.

आप्पा : जोडतो की. त्यात काय एवढं.

(बाहेर येऊन, पुढच्या रांगेपाशी थांबून)

आप्पा : आये, पाच शेंगा दे इकडं.