कागदावरचा 'रोज'

अहो, पण ताप उतरला होता ना त्याचा! तिसऱ्याच दिवशी! मग नवव्या दिवशीही रक्त कशाला काढता, एवढाच माझा प्रश्न... तुम्हाला सांगतो, तीस वर्षं परभणीत बातमीदारी केली, भल्याभल्यांना घाम फोडला, पण या दवाखान्यात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, "असू द्या, काढून ठेवू!"

माणूस कोण? येडबा. पेडगावचा, शेरडं राखणारा. पहिल्या दिवशी एका डॉक्टरनं त्याच्या कागदावर तपासण्या लिहिल्या आणि पुढं एक शब्द टाकला, 'रोज'. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नोकरी सोडून गेला. शब्द राहिला! आता आमच्याकडं रोज म्हणजे मजुरी. येडबा बायकोला म्हणतो, "भिवरे, पडून ऱ्हायचा बी रोज लागला की गं!" हसला बिचारा... तेव्हा हसण्यापुरतं रक्त होतं अंगात.

रोज सकाळी ती ट्रॉली यायची, कुरकुरत. चार नळ्या भरून जायची. सातव्या दिवशी कागद बोलला, रक्त कमी झालंय! आता मला सांगा, रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं उपसलं तर कमी का झालं, हे शोधायला तज्ज्ञ लागतो? लागतो! तज्ज्ञ म्हणाले, "रक्त जातंय कुठं, शोधलं पाहिजे. आणखी सहा तपासण्या लिहा." भिवराबाई पदर खोचून उठली, "अवो बाई, शेळीची धार काढताना आमी करडाचं थोडं राखतो. तुमी तर कासच कोरडी करायलाव!" तर सविता सिस्टर म्हणते, "मावशी, वर लिहिलंय ना रोज? असू द्या, काढून ठेवू!"

भिवराबाईनं मला गाठलं, मी बातमीला आलो, आणि आल्या आल्या कडाडलो, "खोडा तो शब्द!"

"मी कशी खोडू, साहेब? ज्यांनी लिहिलं त्यांनीच खोडायचं."

"ते कुठंयत?"

"गेले ना!"

माझा आवाज चढला, कपाळाची शीर उडायला लागली... सिस्टर लगेच मऊ झाली. "साहेब, चेहरा किती लाल झालाय तुमचा! बसा बरं. थोडंसंच... असू द्या, काढून ठेवू." बसलो. हीच ती खाट. त्याला आज पाच दिवस झाले!

आणि समोरची येडबाची खाट बघा. सकाळपासून रिकामी. "मोठ्या तपासणीला नेलंय," म्हणतात. कुठं? कुणालाच ठाऊक नाही. भिवराबाई त्याच्या वहाणा मांडीवर घेऊन दाराकडं बघत बसलीय. विचारायला म्हणून उठलो, तर मलाच भोवळ आली... म्हणजे आता ती का आली, हे शोधणार!

माझा कागद उचलून बघितला. वरच, ठसठशीत अक्षरात... ऐकू येतंय? कुरकुर... थांबा, जाऊ नका. हं, सिस्टर, डाव्या हातात शीर सापडत नाही आता, उजवा घ्या. नाही, भांडत नाही. असू द्या... काढून ठेवा.

आणि मंडळी, तुम्ही मात्र इथं रागावू नका. चेहरा लाल होतो.