कागद छान जाड आहे!

...आणि म्हणे, ‘कागद छान जाड आहे!’ आता तुम्हीच सांगा, काकूने लेकीचं प्रगतिपुस्तक कौतुकाने हातात दिल्यावर हे बोलायचं असतं का? पण आईचाही इलाज नव्हता हो! गेल्या वर्षी आत्याच्या मुलाचे मार्क ऐकून ती एवढंच म्हणाली होती, ‘असू दे, सगळीच मुलं काही हुशार नसतात.’ धीर द्यायला, हं! तर आत्याने कित्येक महिने फोन उचलला नाही. तेव्हापासून बाबांचा हुकूम : ‘नातेवाइकांच्या मुलांचे मार्क आणि त्यांच्या शाळा, या दोन विषयांवर आपल्या घरातून अवाक्षर निघणार नाही!’ मला काय, मी तशीही काही बोलत नाही.

तर काल आम्ही काकांकडे गेलो. त्यांची भिंगरी दुसरीत आहे. आधी ती मोठ्या शाळेत होती, चार मजली, चकाचक... आणि तिथे ही पोर बोलायचीच बंद झाली. बाईंनी उभं केलं की नुसती टायचं टोक चघळायची! शेवटी काकूने तिला गल्लीतल्या छोट्या शाळेत घातलं. खाली शिंप्याचं दुकान, वर चार खोल्या, खालून मशीनची घरघर, वरून पाढे. आणि तुम्हाला सांगते, तिथे मार्कच देत नाहीत! बाई एखादं वाक्य लिहितात, बस्स. या वेळी लिहिलं होतं, ‘आता मोठ्याने वाचते. खालचे शिंपीकाका मशीन थांबवून ऐकतात.’

आईने ते वाचलं. कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मग उजेडाकडे धरला! मार्क शोधतेय हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाबा खोकले. म्हणून मग ते... जाड कागदाचं. मी काही बोलले नाही.

‘वहिनी, काय ते स्पष्ट सांगा ना.’

‘अगं, मी कुठे काय म्हटलं?’

‘तेच तर! एरवी माझ्या पडद्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळ्यावर बोलता, आणि आजच गप्प? म्हणजे शाळा अगदीच टाकाऊ वाटली तुम्हाला!’

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे. काका घाईघाईने म्हणाले, ‘पंखा नवा घेतलाय.’

काकू भांडली असती ना, तर परवडलं असतं. पण तिचे डोळेच भरले. ‘मलाही सारखं वाटतं, मी पोरीचं नुकसान तर करत नाहीये ना? सोमवारी परत मोठ्या शाळेत नाव घालते हिचं.’

आणि भिंगरी! आल्यापासून मला जिन्यातल्या सगळ्या पाट्या ओरडून वाचून दाखवत होती, ती एकदम गप्प. हळूच फ्रॉकचं टोक तोंडात. कोणाचं लक्ष नव्हतं, मोठी माणसं एकमेकांचे चेहरे वाचत होती. मला मात्र दिसलं. मला त्या टोकाची चव माहीत आहे... हसू नका! ओढणीचीही तशीच असते.

मी बोलले.

‘काकू, शिंपीकाका मशीन थांबवतात ना? मग...’ आता सुरू झालेच होते, ‘मग नको ना काढू तिला तिथून. मागच्या वर्षी तिचा आवाज मलासुद्धा माहीत नव्हता.’

काकूने डोळे पुसले. ‘नाही काढत गं,’ म्हणाली. भिंगरीने टोक सोडलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

‘पण अगं बाई,’ काकू डोळे मोठे करून म्हणाली, ‘ही तर किती छान बोलते! मग वहिनी, हिला तोंडी परीक्षेतच इतके कमी कसे हो पडतात?’

‘तेच तर मी म्हणते!’ आईचा बांधच फुटला. ‘शाळाच धड नाही गं हिची!’

बाबांचा हुकूम नातेवाइकांच्या मुलांपुरता होता ना! स्वतःच्या मुलीचं काय? झालं, दोघी जावा एका सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा लावून, माझं एकेक वर्ष उकरून काढत बसल्या. दोघींचं इतकं कधी जमलं नव्हतं.

मी काही बोलले नाही.