नावेतल्या दोन बादल्या

फिजिक्स शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली, एवढं ध्यानात ठेवून ऐका. धरणावरच्या एका मासेमाराकडून मी जुनी फायबरची नाव आणली आणि सौंसरच्या घरी, अंगणातच दुरुस्तीला घेतली. घासली, भेगांत पुट्टी भरली. मला पोहता येत नाही, म्हणून रंग देण्याआधी गळती तपासायला तिच्यातच पाणी भरलं आणि पातळीवर खूण केली.

सकाळी दोन बादल्या पाणी कमी. पुट्टी खरवडून पुन्हा भरली. पुन्हा दोन बादल्या कमी. बाष्पीभवनाचं गणित मांडलं, ते जुळेना. खालची जमीन कोरडी होती, पण मी शंका घेतली ती माझ्या डोळ्यांवर. तिसऱ्यांदा पुट्टी खरवडली.

बायको म्हणाली, "अहो, रंग मारा अन् मोकळे व्हा."

"बुडलो तर?"

"तर हे खरवडणं तरी थांबेल."

चौथ्या सकाळी लवकर उठलो, तर शेजारच्या शीलाबाई नावेतून बादली भरून घेत होत्या.

"शीलाबाई, हे काय?"

"नळ एक दिवसाआड येते ना सर. तुमी त्यात पाणी भरून राहिले, आमाले वाटलं टाकं केलं."

"रोज किती नेता?"

"तीन बादल्या."

मी चक्रावलो. "पण कमी तर दोनच होतात."

"एक परत टाकतो ना," त्या म्हणाल्या. "लई कमी दिसलं तर तुमाले टेन्शन येते."