हौदात बर्फ, बर्फात पप्पा

हॅलो?… हां आई, बोल… कोण? कोण बुडालं?… अगं नाही! कोणीसुद्धा बुडालं नाही. हळू बोल, ऐक ना… पप्पा इथंच आहेत, माझ्यासमोर. ओट्यावर बसलेत ब्लँकेट गुंडाळून. चहा पितायत.

हो, ब्लँकेट… हो, मे महिनाच चालू आहे. सांगते ना!

तुला कोणी सांगितलं? शेजारच्या आवडाबाईंनी? थेट फुलंब्रीला फोन?… कमाल आहे बाई यांची. काय म्हणाल्या?… 'साहेब हौदात पडले आन् तोंडात नळी घालून ठेवलीय'?… नळीचं खरं आहे. पण पडले नाहीत, स्वतःच्या पायानं उतरले.

आई, तू आधी बस बरं. मावशीला सांग, सगळं ठीक आहे, कैऱ्या चिरायला घे म्हणावं… बसलीस? हां.

तर मी तुला म्हणाले नव्हते का, श्रीरंग सर येणार आहेत? अगं, पुण्याचे. ज्यांच्याकडं मी डायव्हिंग शिकले, मालवणला… हां, तेच, दाढीवाले. बायकोला घेऊन वेरूळला चालले होते, म्हणाले जाता जाता तुझ्याकडं येतो, दोन रेग्युलेटर आणतो, बघून ठरव कुठला घ्यायचा.

रेग्युलेटर… नाही गं, पंख्याचा नाही! गॅसच्या टाकीला असतो बघ, तसाच, पण हवेच्या टाकीचा. टाकीत हवा केवढ्या दाबानं भरलेली असते, ती तशीच तोंडात कशी घेणार? हा तिचा जोर उतरवतो. एक भाग टाकीवर बसतो, मग नळी, आणि एक भाग तोंडात धरायचा. ओढला की पाहिजे तेवढाच श्वास. पाण्याखाली सगळा भरवसा त्याच्यावर.

हो, नॉर्वेत मिळतो भाड्यानं. पण तिथं मला शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट लिहिलंय, स्वतःचा आण, हाताला-तोंडाला सवयीचा. ऑगस्टमध्ये जायचं आणि दोन वर्षं अभ्यासासाठी पाण्याखालच्या त्या शेवाळाच्या जंगलात उतरायचं, तर रोज दुसऱ्याचं कशाला तोंडात घालायचं?… तेच ना!

आता माझं तुला माहितीये. मला तो निळा घ्यायचा होता, सायलीचा… अगं, सायली, माझ्याबरोबर शिकायला होती ती. तिचा दोनदाच वापरलेला. हलका, देखणा. मी मनातल्या मनात बॅगेत भरूनसुद्धा टाकला होता. सरांना म्हटलं, हाच घेते. सर म्हणाले, मालवणला घे, अंदमानला घे, पण जिथं पाणी चार अंशावर असतं तिथं हा नको. मी म्हटलं, असं कसं, उत्तम चालतो की. सर म्हणाले, बरं. बर्फ कुठं मिळतो इथं?

सांडूमामांकडं! दुसरं कुठं मिळणार? मुकुंदवाडीत बर्फाचा कारखाना त्यांचाच तर आहे… आले की! स्वतः टेम्पो घेऊन आले. 'लग्न कोणाचंय?' म्हणून विचारत होते. लग्न नाही, यंत्र तपासायचंय म्हटलं, तर म्हणतात, 'मंग मी बघितल्याशिवाय जात नाय.' आणि खरंच थांबले.

हौदात, मग कुठं?… अगं, ओरडू नकोस… हो, माहितीये नळाला आठवड्यानं पाणी येतं. उद्या येणारच आहे ना! हौद धुवायचाच होता… आई, एक थेंब वाया गेला नाही. ते गार पाणी सगळ्या गल्लीनं कूलरमध्ये नेऊन ओतलं. बादल्या घेऊन रांग लागली होती दारात. तरी अजून गुडघाभर आहे हौदात. फरीदाआपा म्हणाल्या, 'बाई, ऐसा इम्तिहान हर इतवार कू रखो.'

हां, तर ऐक. हौदात बर्फाच्या लाद्या फोडून टाकल्या. सरांनी टाकीला माझा तो निळा जोडला, टाकी आत सोडली. पाणी असं गार, आई, हात घातला की हाडात कळ. जरा वेळ ठेवलं. मग सर म्हणाले, आता दमलेल्या माणसासारखा जोरात श्वास घे. मी ओट्यावरून वाकून तोंड बुडवलं, घेतला… घेतला… परत घेतला… सर मधूनमधून तोंडाजवळचं बटण दाबून जास्तीची हवा सोडत होते. मला वाटलं, बघा, चालतोय! आणि एकदम आई… धडाधडा! हवा सुटली ती थांबेचना! सगळा हौद उकळल्यासारखा. पाणी माझ्या नाकात, सरांच्या चष्म्यावर, सांडूमामांच्या पांढऱ्या शर्टावर. आवाज तर असा, की समोरच्या गल्लीतली पोरं 'टायर फुटला, टायर फुटला' करत आली… हो! हसतेस काय? मला रडू येत होतं तेव्हा.

गोठला गं आतून. अगं, आपली गॅसची टाकी जोरात चालली की बाहेरून कशी गार पडते, घाम धरते? तसंच. दाबातली हवा सुटली की गारठते. पाणी आधीच गार, वर हे. त्या निळ्यात स्प्रिंगपाशी पाणी जातं, ते तिथं गोठतं आणि झडप उघडी ती उघडीच राहते… कोमट पाण्यात काहीच होत नाही त्याला. बिचाऱ्याची चूक नाही.

मी मान खाली घालून तो निळा पुसत बसले ना आई. सगळी गल्ली बघतेय, आणि मघाशी मी सरांशी वाद घालत होते.

आणि इथं पप्पा आले.

हो ना! सकाळपासून आतल्या खोलीत पेपर धरून बसलेले. तुला माहितीये ना, माझं नॉर्वेचं ठरल्यापासून त्या विषयावर अवाक्षर नाही. हो नाही, नको नाही. जेवताना मी नॉर्वे म्हटलं की हे म्हणणार, 'आमटी वाढ.' तो आवाज ऐकून धावत आले. दारात उभे राहिले, चेहरा पांढराफटक. सरांना म्हणाले, 'हे असं खाली, समुद्रात झालं, तर हिचा श्वास बंद होणार का?'

एवढंच विचारलं.

सर ओलेच उठले. म्हणाले, 'नाही काका. हे बिघडलं तर बंद पडत नाही, उघडं राहतं, असंच बनवलंय. हवा जास्त येते, कमी नाही. ओठ सैल धरून कडेनं हवी तेवढी घेत सावकाश वर यायचं, तिला मी शिकवलंय ते. पण टाकी भराभर संपते. म्हणून ही वेळच येऊ नये असा घ्यायचा.' आणि पिशवीतून दुसरा काढला. काळा, जाडजूड, बोजड. दिसायला अगदीच कसातरी. ह्याचं तोंड रबरी पडद्यानं बंद असतं, पाण्याला आत वाटच नाही. टाकीवर स्क्रूसारखा आवळून बसतो, आणि नॉर्वेत तो दुरुस्त करून देणारा माणूसही आहे. मी विचारून घेतलंय.

मग तो लावला. सांडूमामांनी आणखी एक लादी फोडली. मी पुन्हा वाकले… श्वास घेतला, जोरात घेतला, सरांनी बटण दाबलं, दाबून ठेवलं… काही नाही! शांत. मांजर घुरघुरतं तेवढा आवाज. मी इतका वेळ तोंड पाण्यात ठेवलं की कान सुन्न झाले.

वर बघते तर पप्पा शर्टाची बटणं काढतायत.

आई, शपथ! आपले पप्पा! मे महिन्यात कढत पाण्यानं आंघोळ करणारे पप्पा! बनियन, अर्धी चड्डी आणि डोक्याला… सांगू?… कानटोपी! आतून शोधून आणली… हो, तीच, तपकिरी… हस, हस. इथंही सगळे हसत होते, पण पप्पांना कशाचं काही नव्हतं. सरांना म्हणाले, 'मला दाखवा. माझी मुलगी ज्याच्यातून श्वास घेणार, त्यातून मी आधी घेणार.'

मी नाही म्हटलं गं. सर पण म्हणाले, काका, वरूनच वाका, उतरू नका. ऐकतात का? पाय टाकला… 'अगं आई गं!' असे ओरडले… आणि उतरले. सरांनी दंड धरला होता, मी दुसरीकडून. नळी तोंडात धरली, माझ्याकडं बघितलं, आणि बसले खाली. कानटोपीसकट.

बुडबुडे… थांबले… मग परत बुडबुडे. एक श्वास, मग दुसरा. चांगला सावकाश. सर वर ओढायला लागले तर ह्यांनी हात झटकला! अजून थोडं, अशी बोटानं खूण!

मिनिटभर असेल जेमतेम. वर आले तेव्हा दात कडकड वाजत होते. काय म्हणाले माहितीये? पहिलं वाक्य?… 'मनस्विनी, आत आपलाच श्वास ऐकू येतो गं. अगदी जवळून.' मग म्हणाले, 'हाच घे. दिसायला कसा का असेना, येतोय श्वास.' आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सरांना विचारायला लागले, नॉर्वेत थंडी किती, अंधार किती, ही खाली कोणाबरोबर उतरणार… सर वेरूळला निघाले तरी प्रश्न संपेनात. गाडीच्या खिडकीत वाकून विचारत होते.

हो, बरे आहेत. अगदी खुशीत. सांडूमामांना पुन्हा पहिल्यापासून सांगतायत, जसे काही ते नव्हतेच तिथं.

म्हणून आई, ठरलं. काळाच घ्यायचा. बरं झालं ना?… आई?

हॅलो? आवाज येतोय?… आई, बोल ना… रडतेस?

अगं… का पण? पप्पा तयार झाले ना आता. तू तर पहिल्यापासून माझ्या बाजूनं होतीस. तूच गल्लीभर पेढे वाटलेस… काय?… कधीपासून?… पेढे वाटलेस त्या रात्रीपासून? झोपच नाही?… मग बोलली का नाहीस गं? मला वाटलं, पप्पाच घाबरलेत, तुला कसली म्हणून भीती नाही… हो… हो, कळलं. दोघांनी तोंड पाडलं असतं तर मी गेलेच नसते. खरंय. नसतेच गेले.

आई, पूस डोळे. मावशी काय म्हणेल… ती पण रडतेय? कैरीनं की खरं?… बरं बरं.

नाही, टाकी इथंच आहे. सर संध्याकाळी परत येताना नेणार. काळा पण इथंच आहे. का?

काय?… कोण?… तू?!

आई, तुला पोहता येतं का?… हां, पप्पांना तरी कुठं येतं… अगं पण… नुसतं वाकून घे की वरून!… नाही? उतरूनच?… 'त्यांनी घेतला तर मी का नाही'… बरोबर आहे, पण… बरं. बरं बाई! सर आले की त्यांच्यासमोरच हं, त्याआधी नाही. ये. साडीवर नको, मावशीचा पंजाबी ड्रेस घे एखादा.

बर्फ वितळला की सगळा… अगं, साध्या पाण्यात घे ना, श्वास तोच आहे!… नाही चालणार?… नॉर्वेसारखंच पाहिजे?

बरं, करते सोय. कैऱ्या राहू दे, मावशी बघेल. ती पण येतेय?!… या, दोघीही या! पळा आता, बस जाईल… हो, ठेवते. ठेव तू… तू ठेव आधी… हां.

पप्पा! अहो पप्पा, सांडूमामांना जाऊ देऊ नका, थांबवा त्यांना! अजून बर्फ लागणार आहे!